बॅनॅकचा शेरीफ आणि त्याला फासावर चढवणारी माणसं

ओढ्याकाठची

गेल्या सप्टेंबरात आम्ही मोंटानातल्या बॅनॅकला जाऊन आलो. सॉल्ट लेक सिटीहून आय-१५ धरून उत्तरेला गेलं की डिलन लागतं, आणि तिथून पश्चिमेला तासाभराच्या आत बॅनॅक. आता तिथे कुणी राहत नाही. पन्नासाहून अधिक लाकडी घरं उभी आहेत. बऱ्याचशा घरांची दारं उघडी असतात, सरळ आत शिरता येतं. आत भिंतींवरचा कागद सोलून निघालेला, जमिनीवर धूळ. गावाच्या वरच्या अंगाला एक कोरडी घळ आहे आणि तिथे फाशीचे दोन खांब नि आडवा वासा. मूळचा नाही, नंतर उभा केलेला. खालची पाटी वाचून माझ्या अकरा वर्षांच्या मुलाने विचारलं, "आई, शेरीफलाच फाशी दिली? मग त्याला पकडलं कुणी?"

घरी आल्यावर चार महिने त्याच प्रश्नामागे वाचत होते. म्हणून हा धागा.

जुलै १८६२ मध्ये ग्रासहॉपर नावाच्या ओढ्यात सोनं सापडलं आणि बॅनॅक वसलं. २४ मे १८६३ ला खाणकऱ्यांनी हेन्री प्लमर याला शेरीफ, म्हणजे पोलीस अधिकारी, म्हणून निवडलं. दोनच दिवसांनी पूर्वेला ऑल्डर गल्चमध्ये त्याहून मोठं घबाड सापडलं, आणि व्हर्जिनिया सिटी, नेवाडा सिटी अशी गावं ओढ्याच्या कडेने उगवली. वर्षभरात तिथे दहा हजारांच्या आसपास माणसं होती. हा सगळा मुलूख तेव्हा आयडाहो टेरिटरीत, म्हणजे अजून राज्याचा दर्जा न मिळालेल्या प्रदेशात, मोडत होता. तिची राजधानी लुइस्टन, बिटररूट पर्वताच्या पलीकडे. हिवाळ्यात वाट बंद. टेरिटरीचा मुख्य न्यायाधीश सिडनी एजर्टन बॅनॅकमध्येच राहत होता, पण त्याचं न्यायालय अजून सुरूच झालं नव्हतं. सोन्याची भुकटी कमरेला बांधून निघालेली माणसं वाटेत लुटली जात होती, काही मारली जात होती.

डिसेंबरात निकोलस टिबोल्ट हा तरुण जर्मन खेचरं आणायला गेला तो परतला नाही. त्याचं प्रेत झुडपांत सापडलं, गाडीत घालून नेवाडा सिटीत आणलं, आणि लोक ते बघून पेटले. संशय जॉर्ज आइव्हजवर गेला. १९ ते २१ डिसेंबर असे तीन दिवस त्याच्यावर उघड्यावर खटला चालला. कडाक्याची थंडी, मधे शेकोटी, भोवती हजाराहून जास्त माणसं. आरोपीला वकील होते. फिर्यादीच्या बाजूने विल्बर फिस्क सँडर्स उभा राहिला, एजर्टनचा भाचा, वय तिशीच्या आत. २४ पंच होते. २३ जणांनी दोषी म्हटलं, एकाने म्हटलं नाही. तोही आकडा सगळ्यांसमोर जाहीर झाला. त्याच रात्री आइव्हजला फाशी दिली.

ही पद्धत मला मान्य आहे असं म्हणत नाही. पण साक्षी, उलटतपासणी, पंचांचं मत, त्यातल्या एकाचा नकार, हे सगळं उजेडात झालं. कुणालाही येऊन ऐकता येत होतं.

आणि दोनच दिवसांनी, २३ डिसेंबरला, चोवीस जणांनी शपथेच्या कागदावर सह्या केल्या. तो कागद आजही जपलेला आहे. चोर आणि खुनी पकडायचे, चोरीचा माल परत मिळवायचा, कुठलंही गुपित फोडायचं नाही, एकमेकांना अंतर द्यायचं नाही, असा त्याचा मथितार्थ. ही दक्षता समिती. तिच्या नियमांत एक कलम होतं की ही समिती देईल ती शिक्षा एकच, मृत्यू. म्हणजे चौकशी केली आणि माणूस अर्धवट गुंतलेला निघाला, तर त्याला द्यायला त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतंच.

४ जानेवारी १८६४ ला त्यांनी रेड येगर आणि जॉर्ज ब्राउन यांना लटकवलं. मरण्याआधी येगरने टोळीतली नावं सांगितली आणि म्होरक्या म्हणून शेरीफ प्लमरचं नाव घेतलं, असं समितीचं म्हणणं. टोळीचा परवलीचा शब्द होता 'मी निर्दोष आहे', हेही येगरनेच सांगितलं म्हणे. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. ज्याला पकडलंय तो पहिलं वाक्य कोणतं बोलणार?

१० जानेवारीच्या रात्री प्लमर आणि त्याचे दोन मदतनीस, बक स्टिन्सन आणि नेड रे, यांना त्या घळीत नेलं. खांब प्लमरनेच काही महिन्यांपूर्वी एका खुन्यासाठी उभारून घेतले होते. खटला नाही. १४ जानेवारीला व्हर्जिनिया सिटीत एका अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या तुळईला पाच जण एकत्र. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मेलेल्यांचा आकडा विसाच्या पुढे गेला.

ही हकीकत पहिल्यांदा सलग लिहिली ती थॉमस डिम्सडेल याने. तो 'मोंटाना पोस्ट' या व्हर्जिनिया सिटीच्या वर्तमानपत्राचा संपादक, समितीचा उघड चाहता. आधी वर्तमानपत्रात, मग १८६६ मध्ये पुस्तक. टोळीने १०२ माणसं मारली असं त्याने लिहिलं. नावानिशी नोंद मिळणारे खून त्याच्या जवळपासही जात नाहीत. तरी पुढची शंभर वर्षं सगळ्यांनी तोच आकडा उतरवून घेतला.

प्लमर साधू नव्हता. कॅलिफोर्नियात मार्शल असताना त्याने एका माणसाला मारलं होतं, त्यासाठी सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात गेला होता, क्षयाच्या कारणावरून माफी मिळून १८५९ मध्ये सुटला. बॅनॅकमध्येही त्याच्या गोळीने एक माणूस मेला होता. तो टोळीचा म्होरक्या असेलही. माझं म्हणणं एवढंच की २१ डिसेंबरपर्यंत ते तपासून बघायची एक जागा होती, आणि २३ डिसेंबरला ती जाणूनबुजून बंद केली गेली.

भीमथडी

धागा आवडला, पण पटला नाही. स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

दीडशे वर्षांनी हीटर लावलेल्या खोलीत बसून उघड्या न्यायाची बाजू घेणं सोपं आहे. तुम्हीच लिहिलंय की वाटा बंद, न्यायालय सुरू नाही, आणि शेरीफच संशयित. तक्रार करायची कुणाकडे? आइव्हजच्या खटल्यात साक्ष देणाऱ्यांना धमक्या येत होत्या. त्याचे मित्र गर्दीत बंदुका घेऊन उभे होते. सँडर्स तिथून जिवंत परतला हेच नवल. असा खटला एकदा होऊ शकतो. वीस माणसांसाठी वीस वेळा तीन-तीन दिवस काम सोडून हजार माणसं थंडीत उभी राहतील? गुप्तता त्यांनी हौसेने घेतली नाही, बायकापोरांच्या जिवासाठी घेतली.

आणि त्यानंतर वाटमारी थांबली, हे तुम्ही लिहिलंच नाही.

अबोली

वाचते आहे. ओढ्याकाठची, डिम्सडेलच्या पुस्तकात जोसेफ पिझँथिया म्हणून एका मेक्सिकन माणसाचं प्रकरण आहे ना? त्यावर लिहा. मला ते वाचून दोन दिवस झोप लागली नव्हती.

कोर्टकचेरी

भीमथडी, 'तक्रार करायची कुणाकडे' याला त्याच हिवाळ्यातलं एक उत्तर आहे.

लॉइड मॅग्रूडर हा लुइस्टनचा व्यापारी. १८६३ च्या उन्हाळ्यात खेचरांच्या तांड्यावर माल लादून तो व्हर्जिनिया सिटीला आला, माल विकला, आणि सोनं घेऊन ऑक्टोबरात परत निघाला. बिटररूटच्या डोंगरात त्याच्याच सोबतीला आलेल्या माणसांनी त्याला आणि त्याच्या साथीदारांना रात्रीच्या मुक्कामात मारलं. मारेकरी लुइस्टनवरून सटकून सॅन फ्रान्सिस्कोला पोचले.

लुइस्टनमध्ये हिल बीची हा हॉटेलवाला मॅग्रूडरचा मित्र होता. त्याला संशय आला. तो अधिकारपत्रं घेऊन सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत मागे गेला, चौघांना पकडवलं, आणि परत लुइस्टनला आणलं. गावात आल्यावर लोक दोर घेऊन तयारच होते. बीचीने त्यांना अडवलं. आरोपींना रीतसर खटल्याचा शब्द दिलाय, तो मोडू देणार नाही म्हणाला. मेलेला माणूस त्याचा जिवलग होता, हे लक्षात घ्या. चौघांपैकी पेज माफीचा साक्षीदार झाला, खटला चालला, बाकी तिघांना ४ मार्च १८६४ ला फाशी झाली. आयडाहो टेरिटरीतली ती कायद्याने दिलेली पहिली फाशी.

म्हणजे ज्या महिन्यांत ऑल्डर गल्चमध्ये माणसं तुळईला टांगली जात होती, त्याच महिन्यांत त्याच टेरिटरीच्या राजधानीत न्यायालय काम करत होतं. हळू, खर्चिक, पण करत होतं. मी वकिली करतो, म्हणून मला बीची हा त्या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा माणूस वाटतो. त्याच्या नावाने कुणी खेळणी काढत नाही, नि गोष्टीही सांगत नाही.

भीमथडी

बीची माहीत नव्हता. धन्यवाद, मनापासून.

तरी एक. मॅग्रूडर मेला हेच माझ्या बाजूचं नाही का? रस्ते तसेच होते. आणि बीचीकडे पैसा होता, ओळखी होत्या. टिबोल्टसाठी सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत कोण जाणार होतं?

घाटवाट

ज्या गावात न्यायालय, तुरुंग, शेरीफ, राज्यपाल सगळं होतं तिथेही हेच झालं. सॅन फ्रान्सिस्को, १८५६. जेम्स केसी या राजकारण्याने एका वर्तमानपत्राच्या संपादकावर गोळी झाडली. केसी तुरुंगात होता, खटला होणारच होता. पण विल्यम कोलमन या व्यापाऱ्याच्या पुढाकाराने समिती उभी राहिली, हजारोंनी सभासद झाले, त्यांनी तोफ तुरुंगाच्या दाराशी आणून लावली आणि केसीला ताब्यात घेतलं. सोबत चार्ल्स कोरा यालाही, ज्याच्या खटल्यात पंचांचं एकमत झालं नव्हतं. संपादकाची प्रेतयात्रा निघाली त्याच दिवशी, २२ मे ला, दोघांना लटकवलं. कोराने मरण्याआधी त्याची जोडीदार बेल हिच्याशी लग्न लावून घेतलं.

मग समितीवाल्यांनीच पक्ष काढला आणि पुढची कित्येक वर्षं शहराचा कारभार हाती ठेवला. आधीचा कारभार आयरिश मतदारांवर उभा होता, आणि समितीत भरणा व्यापाऱ्यांचा. कोलमन आणि मंडळींना गुन्हेगारी खुपत होती हे खरं, पण निवडणुकीत हरणंही खुपत होतं.

धुनी

आकड्यांबद्दल एक छोटी भर. कॅन्सासची गुरांच्या बाजाराची पाच गावं, अॅबिलीन, एल्सवर्थ, विचिटा, डॉज सिटी, कॉल्डवेल. १८७० ते १८८५ या काळात पाचही मिळून खून ४५. दर दुपारी रस्त्यावर द्वंद्व, असं काही नव्हतं. गावात शिरताना पिस्तूल जमा करायचा नियम यातल्या बहुतेक ठिकाणी होता. अॅरिझोनातल्या टूमस्टोनमध्येही होता, १८८१ ची तिथली ओके कोरलची प्रसिद्ध चकमक त्या नियमाच्या अंमलबजावणीवरूनच पेटली.

सोन्याच्या गावांत मात्र प्रमाण फार जास्त होतं. तरणी, एकटी, दारू प्यायलेली, कमरेला बंदूक लावलेली पुरुषमंडळी जिथे एकवटली, तिथे माणसं मेली.

ओढ्याकाठची

अबोली, लिहिते. टाळत होते.

११ जानेवारी १८६४, प्लमरच्या फाशीच्या दुसऱ्या दिवशी. बॅनॅकमध्ये पिझँथियाची खोली होती. डिम्सडेल त्याचा उल्लेख मेक्सिकनांना हिणवायच्या शब्दानेच करतो. काही जण त्याला 'चौकशीला' आणायला गेले. बाहेरून हाक मारली, उत्तर आलं नाही. दोघे आत शिरले आणि आतून गोळ्या सुटल्या. जॉर्ज कॉपली मेला, स्मिथ बॉल जखमी झाला.

आदल्या रात्री शेजारपाजारच्यांनी तीन माणसांना घळीत नेऊन टांगलेलं. आता सशस्त्र माणसं आपल्या दारात. तो घाबरून गप्प बसला असेल, याची शक्यता डिम्सडेलच्या मनाला शिवत नाही.

मग गावातली छोटी डोंगरी तोफ आणली. खोलीवर गोळे डागले. भिंत कोसळली, तो आत जखमी सापडला. त्याला ओढून बाहेर काढलं, कपडे वाळत घालायच्या दोरीने खांबाला लटकवलं आणि लोंबकळणाऱ्या देहावर शंभराहून अधिक गोळ्या झाडल्या. खोलीचं लाकूड पेटवून त्या जाळावर प्रेत फेकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काही बायकांनी ती राख पाटीत घेऊन धुतली, सोनं सापडतंय का म्हणून.

हे सगळं समितीच्या शत्रूने लिहिलेलं नाही. तिच्या कौतुककर्त्याने लिहिलंय. पिझँथियाने काय गुन्हा केला होता याचा पुरावा कुणापुढेही मांडला गेला नव्हता. त्याच्या बाजूने बोलणारा एक माणूसही नोंदीत नाही.

भीमथडी, वाटमारी थांबली असं तुम्ही म्हणता. मलाही तसंच दिसतं, ती कमी झाली. पण मला त्या राखेपाशी थांबावं लागतं.

देवराई

पिझँथियावरून लॉस एंजेलिस आठवलं. २४ ऑक्टोबर १८७१. चिनी गटांतल्या भांडणात रॉबर्ट थॉम्सन हा गोरा माणूस मधे पडला आणि गोळी लागून मेला. पाचेकशे लोकांचा जमाव चिनी वस्तीवर चालून गेला. तेव्हा शहरात चिनी माणसं दोनशेसुद्धा नव्हती. त्यातली अठराएक त्या एका रात्रीत मारली. बहुतेकांना फाशी. एक डॉक्टर होते, टाँग. ते इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये गयावया करत होते, पैसे देऊ करत होते. अंगठीसाठी त्यांचं बोट कापून नेलं. मूळ भांडणाशी त्या मेलेल्यांपैकी बहुतेकांचा काडीचा संबंध नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण आपण किती सहज वापरतो.

आठ जणांना सदोष मनुष्यवधाची शिक्षा झाली. वरच्या कोर्टाने ती रद्द केली, कारण आरोपपत्रात डॉ. टाँग यांचा खून झाला हे विधानच लिहायचं राहून गेलं होतं. आणि १८५४ च्या पीपल विरुद्ध हॉल या निकालापासून कॅलिफोर्नियात गोऱ्या माणसाविरुद्ध चिनी माणसाची साक्षच चालत नव्हती. म्हणजे ज्यांनी पाहिलं त्यांना बोलायची मुभा नाही.

आम्ही सिएटलच्या उत्तरेला राहतो, तिथून बेलिंगहॅम जवळ. ४ सप्टेंबर १९०७ ला तिथल्या लाकूड गिरण्यांत काम करणाऱ्या आपल्या लोकांना, बहुतेक पंजाबी शीख, जमावाने राहत्या खोल्यांतून बाहेर काढलं. त्यांना सरसकट 'हिंदू' म्हणायचे. बऱ्याच जणांना सिटी हॉलच्या तळघरात कोंडलं. काही दिवसांत एकही भारतीय गावात उरला नाही. कुणालाही शिक्षा झाली नाही. २०१८ मध्ये तिथे लाल ग्रॅनाइटची कमान उभारलीय. मी तिच्याखालून जाते तेव्हा दर वेळी थांबते.

सह्यकडा

वायोमिंगचा विषय आला नाही अजून. तिथे तर गरीब-श्रीमंत अशी सरळ फाळणी होती.

२० जुलै १८८९, स्वीटवॉटर नदीकाठी एला वॉटसन आणि जिम अॅव्हरेल यांना सहा रँचवाल्यांनी, म्हणजे गुरांच्या मोठ्या मळ्यांच्या मालकांनी, झाडाला टांगलं. म्हणे गुरं चोरली. एलाने रीतसर जमिनीवर हक्क नोंदवला होता, गुरांना डागायचा छापही विकत घेतला होता. तिची जमीन पाण्याच्या कडेला होती आणि अल्बर्ट बॉथवेल या बड्या रँचवाल्याला ती हवी होती. डोळ्यांनी पाहणारा मुख्य साक्षीदार खटल्याआधी नाहीसा झाला. आरोपपत्रच दाखल झालं नाही. वायोमिंगची राजधानी शायन, तिथल्या वर्तमानपत्रांनी, जी गुरंवाल्यांच्या संघटनेच्या बाजूची होती, तिला 'कॅटल केट' हे नाव चिकटवून वेश्या आणि चोर ठरवलं. शंभर वर्षं ती त्याच नावाने ओळखली गेली. ओढ्याकाठची म्हणतात तेच. मारणाऱ्यांच्याच मित्रांनी लिहिलं.

एप्रिल १८९२ मध्ये तर हे बडे गुरंवाले खास आगगाडी करून निघाले. पन्नासेक जण, त्यात टेक्सासहून पैसे देऊन आणलेले बंदूकवाले, आणि खिशात जॉन्सन काउंटीतल्या मारायच्या सत्तरएक माणसांची यादी. ९ तारखेला के.सी. रँचवर यादीतल्या नेट चॅम्पियनला वेढलं. त्याचा जोडीदार निक रे सकाळीच गोळी लागून पडला. चॅम्पियन दिवसभर एकटा लढला, आणि मधे मधे एका छोट्या वहीत लिहीत राहिला. निक मेला, आज रात्री ते घर पेटवतील, आता मी बाहेर पडतो, असं. शेवटी मित्रांना निरोप. घर पेटवलं, तो बाहेर धावला, आणि पडला.

हे ऐकून काउंटीतली माणसं शेकड्यांनी जमली आणि त्यांनी टीए रँचवर मारेकऱ्यांनाच घेरलं. तेव्हा मात्र वॉशिंग्टनपर्यंत तारा गेल्या, राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांनी घोडदळ पाठवलं, आणि सैनिकांनी मारेकऱ्यांना सुखरूप सोडवलं. खटल्याचा खर्च काउंटीला झेपेना, साक्षीदारांना राज्याबाहेर नेलं, १८९३ च्या जानेवारीत सगळे सुटले.

एलाला किंवा चॅम्पियनला मारणाऱ्यांना 'कायदा नव्हता' ही सबब नव्हती. कायदा पोचला होता. पंच त्यांच्या मनासारखे निकाल देत नव्हते, ही अडचण होती.

कोर्टकचेरी

सह्यकडा यांच्या शेवटच्या दोन वाक्यांना +१. आणि मोंटानातही पुढे तेच झालं.

भीमथडी, जॅक स्लेडचं ऐका. तो टपालगाडीच्या मार्गावरचा जुना अधिकारी, दारू प्यायला की दुकानं फोडणारा. व्हर्जिनिया सिटीत त्याने कुणालाही मारलं नव्हतं. मार्च १८६४ पर्यंत तिथे लोकन्यायालय सुरू झालं होतं, अलेक्झांडर डेव्हिस न्यायाधीश होता. स्लेडने नशेत अटकेचा कागद फाडला, न्यायाधीशाला धमकावलं. नशा उतरल्यावर माफीही मागितली. १० मार्चला समितीने त्याला फाशी दिली. तो बायकोला एकदा भेटू द्या म्हणून रडत होता. ती घोडा फेकत आली तोवर सगळं आटोपलं होतं.

मे १८६४ मध्ये मोंटाना स्वतंत्र टेरिटरी झाली. मुख्य न्यायाधीश हॉस्मर आला, आणि त्या डिसेंबरात त्याने ग्रँड ज्युरीसमोर, म्हणजे आरोप ठेवायचे की नाही हे ठरवणाऱ्या पंचांसमोर, समितीचं आधीचं काम एका परीने मान्य करून सांगितलं की आता थांबा. थांबले नाहीत. जेम्स डॅनियल्सला जुगाराच्या भांडणातल्या मृत्यूबद्दल न्यायालयाने तीन वर्षांची शिक्षा दिली होती. हंगामी राज्यपाल मेअर याने त्याला सोडलं. मार्च १८६६ मध्ये तो मोंटानातल्याच हेलेना गावी परतला आणि त्याच रात्री झाडाला टांगला गेला. सुटकेचा कागद खिशात होता.

भीमथडी

दोन दिवस उत्तर दिलं नाही, वाचत होतो.

आइव्हजच्या बाबतीत माझं मत बदललेलं नाही. तिथे त्या लोकांनी जे केलं ते मीही केलं असतं, आणि उघड्यावर केलं असतं. येगर, प्लमर, इथपर्यंत मी अजूनही ओढून-ताणून समजून घेऊ शकतो. पण स्लेड नाही. न्यायाधीश गावात बसलेला असताना, अटकेचा कागद निघालेला असताना, त्या कागदाचा अपमान झाला म्हणून कागदाशिवाय फाशी? आणि डॅनियल्स तर अजिबात नाही.

माझे आजोबा गावचे पोलीसपाटील होते. जमावापुढे आडवं उभं राहणं किती कठीण असतं, हे त्यांच्या तोंडून ऐकलंय. म्हणून बीची डोक्यातून जात नाहीये.

अबोली

भीमथडी, तुमच्या या प्रतिसादासाठी आभार.

ओढ्याकाठची

भीमथडी, मला तुमचा पहिला प्रतिसाद उपयोगी पडला. मी टिबोल्टला विसरत चालले होते. सगळं लक्ष टांगलेल्यांकडे, आणि ज्याच्यापासून सुरू झालं तो खेचरं आणायला गेलेला पोरगा बाजूला.

आता पुढचा एक धागा सांगते, जो मला सगळ्यात जास्त छळतो. १८७९ च्या सुमारास हेलेनात भिंतींवर ३-७-७७ असे आकडे रंगवलेले दिसायला लागले. अर्थ एवढाच की गाव सोड, नाहीतर मरशील. आकड्यांचा उगम काय यावर लोक आजही भांडतात.

८ जून १९१७ ला मोंटानातल्याच ब्यूट या खाणींच्या गावात स्पेक्युलेटर खाणीत आग लागून १६८ कामगार मेले. संप सुरू झाला. फ्रँक लिटल नावाचा कामगार संघटक तिथे आला. पायाला प्लास्टर, कुबड्या घेऊन भाषणं करायचा. १ ऑगस्टला पहाटे सहा जणांनी त्याला खोलीतून उचललं, रेल्वेच्या पुलाला टांगलं. अंगावर कागद टाचलेला, इतरांना इशारा म्हणून, आणि त्यावर ३-७-७७. कुणावरही गुन्हा दाखल झाला नाही.

म्हातारी मेल्याचं दुःख नसतं, काळ सोकावतो. प्लमर दोषी असेल नसेल, पण १८६४ चं ते कौतुक ५३ वर्षांनी खाणमालकांच्या बाजूच्या कुणाच्या तरी कामी आलं. तेच आकडे १९५६ पासून मोंटानाच्या महामार्ग पोलिसांच्या खांद्यावरच्या बिल्ल्यावर आहेत. पेट्रोल पंपावर मी एका पोलिसाच्या दंडावर ते पाहिले. माणूस सज्जन होता, रस्ता समजावून सांगत होता. मला मात्र आकड्यांवरून नजर काढता येईना.

सँडर्सबद्दल मात्र माझं मन अजून ठरत नाही. नोव्हेंबर १८६३ मध्ये प्लमरने थँक्सगिव्हिंगला त्याला आणि एजर्टनला घरी जेवायला बोलावलं होतं, सॉल्ट लेक सिटीहून टर्की मागवून. सहा-सात आठवड्यांनी प्लमरला न्यायला आलेल्यांत सँडर्स होता. पुढे तो सिनेटर झाला. आणि १८९७ मध्ये ब्यूटच्या चिनी व्यावसायिकांवर बहिष्कार पडला तेव्हा कोर्टात त्यांची बाजू मांडायला हाच म्हातारा सँडर्स उभा राहिला, आणि जिंकला. त्याला स्वतःला ही दोन टोकं कशी जोडावीशी वाटली असतील?

१९९३ मध्ये व्हर्जिनिया सिटीच्या कोर्टात प्लमरवर मरणोत्तर खटला चालवला. पुढाकार ट्विन ब्रिजेसच्या शाळेचा होता. पंच सहा विरुद्ध सहा. निकाल लागला नाही.

घाटवाट

पुढच्या वर्षी तिकडे जायचा विचार आहे. कोणता महिना बरा?

ओढ्याकाठची

गर्दी चालणार असेल तर जुलैचा तिसरा शनिवार-रविवार, तेव्हा बॅनॅक डेज असतात. सोनं धुणं, लोहारकाम, सगळं करून दाखवतात, मुलांना मजा येते. शांत हवं असेल तर सप्टेंबर. पाणी आणि खाणं डिलनहूनच घ्या. व्हर्जिनिया सिटीतली ती तुळईची इमारत आणि वरच्या टेकडीवरच्या पाच कबरी बघायला एक जादा दिवस ठेवा. पिझँथियाची खोली कुठे होती याची खूण मला सापडली नाही, तुम्हाला सापडली तर इथे लिहा.

आणि कोर्टकचेरी, स्लेडला कुठे पुरलं ते माहीत आहे का? त्याच्या बायकोने मृतदेह धातूचा पत्रा लावलेल्या पेटीत दारू भरून ठेवला होता. इलिनॉयला त्याच्या जन्मगावच्या मातीत न्यायचा होता. पर्वत उतरून आली, पण उन्हाळा झाला होता, पुढे नेणं शक्य नव्हतं. २० जुलै १८६४ ला सॉल्ट लेक सिटीच्या दफनभूमीत पुरलं. आमच्या घरापासून ती वीस मिनिटांवर आहे, इतकी वर्षं जवळून जातेय, माहीतच नव्हतं. येत्या शनिवारी मुलाला घेऊन जाते. जागा सापडली तर फोटो टाकेन.

कोर्टकचेरी

जरूर टाका. माझ्यातर्फे एक फूल ठेवा.